घरच्या गणपतीसाठी हलता देखावा: चालती दिंडी कशी बनवायची

श्रावण लागला की घरात एकच विषय, यंदा डेकोरेशन काय, आणि कोणीतरी पोरगं हमखास म्हणतं की यावेळी हलता देखावा करूया ना, मंडळाचा असतो तसा. करता येतो, आणि फार अवघड पण नाहीये. फक्त बहुतेक लोक सुरुवातच उलटी करतात, आधी जाऊन मोटर घेऊन येतात आणि मग तिच्याभोवती काय बसवायचं याचा विचार करतात. आधी काय हलणार, कुठल्या दिशेला आणि किती हळू हे कागदावर ठरवा, मोटर कुठली ते त्यातूनच ठरतं.

इथे उदाहरण म्हणून पंढरीची वारी घेतलीये. डोंगरामागून वारकरी निघतात, समोरून चालत जातात, झाडीत दिसेनासे होतात आणि परत दुसरे येतात, आणि पुढे एका बाजूला टाळकरी उभ्याने टाळ वाजवतायत. म्हणजे हालचाली दोनच, एक गोल फिरणारी आणि एक वरखाली. तिसरी घालायचा मोह होईल, घालू नका. मूर्तीच्या मागे फिरणारं चक्र तर मला अजिबात आवडत नाही, बघणाऱ्याची नजर बाप्पाच्या चेहऱ्यावर ठरतच नाही. आणि मूर्ती वेगळ्या भक्कम टेबलावर, देखाव्याच्या मागे आणि उंचावर, तिला मोटरचं थरथरणं लागता कामा नये.

मोटर कुठली

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात डेकोरेशनची मोटर मागितली की बहुतेक वेळा चपटी, गोल डबीसारखी सिंक्रोनस मोटर हातात देतात. ही थेट घरच्या २३० व्होल्टवर चालते, ४ वॉटच्या आसपास वीज खाते आणि तिच्यावर ५/६ आरपीएम असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते दोन आकडे का, तर हिचा स्पीड विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला असतो, आपल्याकडे ५० हर्ट्झ म्हणून मिनिटाला ५ फेरे, आणि जिथे ६० हर्ट्झ आहे तिथे ६. याच गुणामुळे ही जात आधी घड्याळात गाजली, अमेरिकेत हेन्री वॉरन नावाच्या माणसाने १९१६ च्या सुमारास अशी मोटर बसवून विजेची घड्याळं आणली.

पण हिच्यात एक खोड आहे. चालू केल्यावर ती कुठल्या बाजूने फिरेल याचा भरवसा नाही, आज डावीकडे, उद्या उजवीकडे. घरातल्या मायक्रोवेव्हची काचेची प्लेट कधी इकडून कधी तिकडून फिरते ना, बहुतेकांच्या आत हीच मोटर असते. चक्राला किंवा वरखाली हालचालीला याने काही फरक पडत नाही, पण दिंडीला ही मोटर लावलीत तर लाईट जाऊन आली की सगळे वारकरी पाठमोरे चालायला लागतील, पंढरपूरकडे पाठ करून, आणि ते बघून पाहुणे हसतील ते वेगळंच.

म्हणून दिंडीसाठी १२ व्होल्टची डीसी गियर मोटर घ्या, ३० आरपीएमची, ६ मिलीमीटर शाफ्टवाली (शाफ्ट म्हणजे मोटरमधून बाहेर आलेला फिरणारा दांडा), रोबोटिक्सचं सामान मिळतं तिथे सहज मिळते. हिला दिशा वायरींनी ठरते, लाल-काळी अदलाबदल केली की उलटी फिरते आणि एकदा जोडली की कायम तशीच. सोबत १२ व्होल्ट २ अँपियरचा अडॅप्टर, एक छोटा पीडब्ल्यूएम स्पीड कंट्रोलर म्हणजे नॉब फिरवून वेग कमी करता येतो, आणि त्याच शाफ्टवर बसणारं ७ सेंटीमीटरचं रबरी टायरचं चाक. टाळकऱ्यांसाठी मात्र सिंक्रोनसच घ्या, पण ३० आरपीएमची.

तबकडी

प्लायची ६० सेंटीमीटर व्यासाची गोल तबकडी कापून घ्या, ६ मिलीमीटर जाडी पुरते, सुताराकडून कापून घेतली तर कड नीट गोल येते. मधोमध खाली टर्नटेबल बेअरिंग, ज्याला लेझी सुसान पण म्हणतात, चौकोनी पत्र्याचं येतं, ६ इंची किंवा मोठं घ्या. सगळं वजन या बेअरिंगने घ्यायचं, मोटरने फक्त ढकलायचं. तबकडी सरळ मोटरच्या शाफ्टवर ठेवून मोकळे होणारे लोक आहेत, दोन दिवसांत गियर कुरकुरायला लागतात आणि नेमकं गौरी जेवणाच्या दिवशी सगळं ठप्प.

बेअरिंग बसवल्यावर बोटाने तबकडी ढकलून बघा, एका धक्क्यात निदान एक फेरा आरामात झाला पाहिजे. नाही झाला तर स्क्रू कमीजास्त आवळलेत किंवा खालचा बेस वाकलाय, ते आधी नीट करा, मोटर मोठी घेऊन हा प्रश्न सुटत नाही.

आता फिरवायचं कसं, तर कडेने. मोटर एका छोट्या प्लायच्या पट्टीवर उभी बसवा, शाफ्ट वर, आणि शाफ्टवरचं रबरी चाक तबकडीच्या कडेला टेकेल असं. ही पट्टी बेसवर पक्की ठोकायची नाही. एका टोकाला एकच नटबोल्ट, म्हणजे पट्टी त्याच्याभोवती थोडी डावी-उजवी हलू शकते, आणि दुसऱ्या टोकाला जाड रबरबँड किंवा स्प्रिंग लावून चाक कडेवर दाबलेलं राहील असं करायचं. तबकडी कुठे दोन मिलीमीटर वाकडी असली तरी चाक मागेपुढे होऊन सांभाळून घेतं. आणि कोणी पोराने मध्येच हात घातला तर चाक नुसतं घसरतं, बोटाला पण काही होत नाही आणि गियर पण तुटत नाहीत. माझ्या मते अख्ख्या देखाव्यातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच.

वेगाचा हिशोब पण याने सोपा होतो. चाकाचा परीघ साधारण २२ सेंटीमीटर, मिनिटाला ३० फेरे म्हणजे सेकंदाला ११ सेंटीमीटर, आणि तबकडी केवढी पण असो, तिची कड त्याच वेगाने सरकणार. दहा-बारा सेंटीमीटर उंचीच्या वारकऱ्याला हा वेग जरा जास्तच होतो, धावल्यासारखा वाटतो, नॉबने कमी करून ७-८ वर आणा. फार हळू झाला की मोटर अडखळायला लागते, तेव्हा किंचित वाढवा. शंका आली तर हळूच ठेवा, खोलीत समोर बसलेल्या माणसाला हळू चालणारी दिंडी खरी वाटते.

वारकरी आणि डोंगर

थर्माकोल आणू नका. महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. जाड पुठ्ठा, एमडीएफ म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड, कागदाचा लगदा, एवढ्यात सगळं होतं.

वारकरी पुठ्ठ्यातून कापायचे, चालण्याच्या दिशेने तोंड, म्हणजे बाजूने दिसणारे, आणि कडेपासून तीन-चार सेंटीमीटर आत, कडेला समांतर उभे करायचे. साधारण वीस-बावीस बसतात. पण सगळे सारख्या अंतरावर लावू नका, ते परेडसारखं दिसतं. क्रम खऱ्या दिंडीचा ठेवा, पुढे पताकावाले, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी आणि मागे डोक्यावर तुळशी वृंदावन घेतलेल्या बायका. मध्ये एखादी मोकळी जागा, मग मागे राहिलेले दोघं म्हातारे, एक लहान मुलगी, असं केलं की जीव येतो. पालखीचा रथ बनवणार असाल तर तो जड होतो, त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला तबकडीखाली तेवढंच वजन चिकटवा नाहीतर बेअरिंग एका बाजूला कलतं.

आता महत्त्वाचं, लपवाछपवी. अख्खी तबकडी दिसली तर तो जत्रेतला पाळणा होतो, वारी नाही. मधोमध आडवा डोंगर उभा करायचा, पण तो तबकडीवर टेकवायचा नाही, दोन्ही बाजूंना तबकडीच्या बाहेर खांब उभे करून त्यांच्यावर पुलासारखा ठेवायचा, खाली एक सेंटीमीटर फट सोडून. आणि जिथे वारकरी डोंगराच्या आडून येतात आणि जातात तिथे दोन्ही टोकांना खाच हवी, नाहीतर पहिलाच पताकावाला डोंगराला धडकेल. पताका धरून सगळ्यात उंच वारकरी मोजा, त्यापेक्षा तीन सेंटीमीटर उंच खाच ठेवा. खाचेसमोर झाडं, एखादं देऊळ किंवा चहाची टपरी उभी केली की ती दिसत नाही आणि माणसं वळताना पुठ्ठ्याची नुसती कड दिसते ते पण झाकलं जातं.

तबकडीवर लाईट लावायचा विचार असेल तर सोडून द्या, वायर गुंडाळली जाते. फिरत असताना पण वीज पोचवणारा स्लिप रिंग नावाचा जोड मिळतो, पण घरच्या कामाला कशाला, बाहेरून एका बाजूने पिवळा लाईट टाका, डोंगरावर वारकऱ्यांच्या सावल्या सरकतात आणि तो इफेक्ट फुकट मिळतो.

टाळकरी

हे जागेवर उभे असतात, फक्त हात हलतो. एक हात चिकटवलेला, दुसरा खांद्याशी छोट्या नटबोल्टवर सैल. सिंक्रोनस मोटरच्या शाफ्टवर एमडीएफची छोटी चकती बसवा, मध्यापासून १ सेंटीमीटरवर भोक पाडा आणि त्यात सायकलच्या स्पोकचा एक टोक वाकवून अडकवा. चकती फिरली की स्पोकचं दुसरं टोक २ सेंटीमीटर वरखाली होतं, कारण भोक जेवढं लांब त्याच्या दुप्पट हालचाल मिळते. ते हाताला खांद्यापासून २ सेंटीमीटरवर जोडलं की ६ सेंटीमीटरचा हात चांगला वर येतो आणि खाली जातो. स्पोक निदान चार-पाच सेंटीमीटर लांब असू द्या, तोकडा असला की हिसके बसतात.

एका मोटरवर चार-पाच टाळकरी पण चालतात. सगळ्यांच्या मागून एक आडवी हलकी पट्टी घ्या, तिच्यावरून प्रत्येकाच्या हाताला तार, आणि मोटरचा स्पोक पट्टीच्या मध्याला. पट्टी कलू नये म्हणून दोन्ही टोकांना उभ्या तारा लावून त्या रिकाम्या बॉलपेनच्या नळीतून जाऊ द्या. सगळे एकाच वेळी हात हलवतात, आणि वारीत टाळ एकाच ठेक्यात वाजतात त्यामुळे इथे ते शोभतं. मिनिटाला ३० म्हणजे दोन सेकंदाला एक टाळ, संथ अभंगाला जमतं.

फिरणाऱ्या वस्तूवरून पुतळ्यांचे हात हलवण्याची ही युक्ती फार जुनी आहे. आज तुर्कस्तानात असलेल्या दियारबकीरच्या दरबारात अल-जझारी नावाचा कारागीर होता, त्याने १२०६ मध्ये आपली यंत्रं लिहून ठेवली, त्यात पाण्यावरच्या नावेत बसलेले यांत्रिक वादक आहेत. फिरणाऱ्या रुळावरच्या खुंट्या तरफांना धक्का देतात आणि वादकांचे हात हलतात.

कोणाला मुसळाने कांडणारी बाई करायची असेल तर शंखाच्या आकाराचा कॅम, म्हणजे फिरताना मुसळ उचलणारी चकती लागते, मुसळ हळूहळू वर आणि एकदम खाली. पण ती एकाच दिशेने चालते, उलटी फिरली की अडकते, म्हणून तिथे परत डीसी मोटर. सिंक्रोनस वापरायची तर मध्यापासून सरकवून भोक पाडलेली साधी गोल चकतीच बरी.

आवाज, वायरिंग आणि ट्रायल

मोटर छोटी असते पण प्लायवर बसवली की तबल्यासारखी घुमते. मोटरच्या खाली जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा घाला आणि स्क्रू फार आवळू नका.

२३० व्होल्टचे जोड नुसती टेप गुंडाळून सोडू नका, प्लास्टिकचे कनेक्टर वापरा, आणि सगळं वायरिंग देखाव्याच्या मागच्या बाजूला ठेवा, जिथे फुलांचं पाणी आणि समईचं तेल पोचणार नाही. निरांजन आणि पुठ्ठा जवळजवळ नको. कपड्याचा पडदा लावलात तर तो तबकडीपासून चांगला चार बोटं लांब, एकदा कापड चाकात गेलं की सगळं ओढून आणतं. सिंक्रोनस मोटर चालताना हाताला गरम लागते ते नॉर्मल आहे, पण तिला कापसात किंवा गवतात गाडू नका, हवा लागली पाहिजे. रात्री झोपताना आणि घर बंद करून जाताना मेन स्विचवरून बंद.

ट्रायल मूर्ती आणायच्या आठवडाभर आधी घ्या, आणि पाच मिनिटांची नको, सलग तीन-चार तास चालू ठेवा. पहिल्या तासात काहीच होत नाही, नंतर गोंद सुटतो, एखादा वारकरी पडतो, स्क्रू सैल होतो. मध्येच दोन-तीनदा स्विच बंद-चालू करून बघा, सगळं विना धक्का परत सुरू झालं पाहिजे. आणि समोर जमिनीवर मांडी घालून बसून बघा, आरतीला लोक उभे असतात पण नंतर बसतात, आणि खाली बसल्यावर बेअरिंग दिसत असेल तर पुढे गवताची एक पट्टी लावा.

विसर्जनानंतर सगळं माळ्यावर टाकायच्या आधी मोटरच्या पट्टीचा रबरबँड काढून ठेवा, नाहीतर वर्षभर दाबून राहिलेला टायर एका बाजूला चपटा होतो आणि पुढच्या वर्षी दिंडी दर फेऱ्याला लंगडते. वायरींवर कागदी चिठ्ठ्या चिकटवा, वारकरी क्रमाने एका डब्यात, आणि तबकडी भिंतीला टेकवून उभी न ठेवता आडवी ठेवा, प्लाय वाकत नाही.