मूल अठराचं होण्याआधी: विशेष शाळेनंतरची तयारी कशी करावी

"शाळा सुटू दे, मग बघू" असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. चौदाव्या-पंधराव्या वर्षीच सुरुवात करा. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि आधार यांवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. दोन-तीन कर्मशाळा (मोठ्या दिव्यांग मुलांना काम शिकवणाऱ्या संस्था) मुलाला घेऊन बघून या, तेही जेवणाच्या सुट्टीत; मुलांशी कोण कसं बोलतं ते तेव्हाच दिसतं. एकट्याने बसचा प्रवास आणि सुट्टे पैसे मोजणं रोज करून घ्या.

घोडं अडतं ते पालकत्वाच्या कागदावर. मूल अठराचं झालं की कायद्याच्या लेखी आईबापही त्याचे पालक उरत नाहीत. मला हे बँकेच्या खिडकीशी कळलं. लेकाची मुदत ठेव मोडायला गेले, तर साहेब म्हणाले, "ताई, आता सही त्यांची लागेल." माझा लेक सही करतो, पण दर वेळी वेगळी! "नॉमिनी लावलाय ना, मग झालं," हा सल्लाही मी तेव्हा ऐकला होता. साफ चुकीचा. नॉमिनीचा आणि पालकत्वाचा काही संबंध नाही.

राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ प्रमाणे पालकत्वाचा अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे जातो; अध्यक्ष जिल्हाधिकारी. हा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता एवढ्यांपुरताच आहे. अंध किंवा कर्णबधिर मुलासाठी पालकत्व मागायला निघालेले आईबाप मी पाहिलेत. कशाला? त्याची सही त्याची त्याला करू द्या. ज्याला पैसे कळतात पण मोठ्या व्यवहारात आधार लागतो, त्याच्यासाठी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्व आहे. तिथे निर्णय त्याच्याशी बोलून, दोघांनी मिळून घ्यायचा असतो. सगळे अधिकार काढून घेणं सोपं वाटतं म्हणून ते करू नका.

आपल्यामागे कोण, हेही आत्ताच ठरवा. धाकटा भाऊ आहेच, असं गृहीत धरू नका. त्याला विचारा, आणि "नाही" म्हणाला तर रुसू नका.

कागद हाती आला की काम संपलं, असं मला वाटलं होतं. सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. एक वेगळी वही घाला, औषधांची बिलं त्याच दिवशी डकवा. मी पहिल्या वर्षी बिलं पिशवीत कोंबली होती. जूनपर्यंत निम्म्यांवरची शाई उडाली.