जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या बॉनेटवर पट्टे मारायचेत? आधी मधली रेघ काढा

वडोदऱ्यात पावसाळ्यात हे काम काढूच नका, हवेत दमटपणा असला की एनसी पेंटवर (नायट्रोसेल्युलोज, थिनर उडून वाळणारा रंग) पांढुरकी झाक येते, दिवाळीनंतर मस्त कोरडं असतं तेव्हा करा.

सगळ्यात महत्त्वाचं माप. पुढच्या मोनोग्रॅमवरून (कंपनीच्या बिल्ल्यावरून) मध्य धरू नका, जुन्या गाड्यांचा तो सरकलेला असू शकतो. बॉनेटची रुंदी पुढे, मधे आणि काचेजवळ अशी तीन ठिकाणी मोजा, प्रत्येकीचा अर्धा काढून खूण करा आणि दोरा ताणून बघा, तिन्ही खुणा एका रेषेत आल्या तरच पुढे जा. मला दोन पट्टे 5-5 इंची आणि मधे 1 इंच गॅप आवडतो, म्हणजे मधल्या रेघेपासून दोन्हीकडे अर्धा इंच सोडून मग 5 इंच. आता पट्ट्यांच्या कडेला फाइनलाइन टेप (धारदार कडेसाठीची बारीक प्लास्टिक टेप) लावा आणि दहा पावलं मागे जाऊन समोरून बघा, टेप वाकडी असेल तर आत्ताच कळेल.

त्या टेपच्या बाहेर साधी मास्किंग टेप आणि पेपर. पट्ट्याच्या आत 800 चा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा बारीक पॉलिश पेपर) हलक्या हाताने मारा, पुसून घ्या. मग आधी टेपच्या कडेवर गाडीच्याच मूळ रंगाचा पातळ हात द्या, म्हणजे टेपखाली झिरपलं तरी तोच रंग झिरपतो!! त्यावर पट्ट्याचे 2-3 पातळ कोट, मधे 10-15 मिनिटं. शेवटचा कोट पूर्ण कडक व्हायच्या आत टेप मागे दुमडून हळू ओढा. टूके क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचं पारदर्शक लॅकर) मारणार असाल तर त्याचा योग्य रेस्पिरेटर हवाच, साधा रुमाल चालत नाही.