संयम शिकताना या चुका टाळा

प्रार्थना होते, निश्चयही होतो, तरी ऐन वेळी तोल जातो, ही तक्रार विश्वासणाऱ्यांमध्ये पुष्कळांची असते. बहुतेकदा प्रार्थनेत खोट नसते. मोह समोर आल्यावर झुंजायचे आणि त्याआधीच्या शांत तासांत काहीच करायचे नाही, इथे बिनसते.

मोहाची वाट मोकळी ठेवणे

देहवासनांसाठी तरतूद करू नका, असे बायबलमधील रोमकरांस १३:१४ सांगते. उशाशी ठेवलेला मोबाइल ही अशीच तरतूद. दावीद राजा २ शमुवेल ११ मध्ये परस्त्रीच्या मोहात एका झटक्यात पडला नाही. सैन्य लढाईवर असताना तो यरुशलेमेत राहिला, गच्चीवरून तिला पाहिले, मग चौकशी केली, मग माणसे पाठवली. प्रत्येक पायरीवर थांबता आले असते, पण पुढे जावे तसे ते अवघड होत गेले. योसेफाने उलट केले: आपला धनी पोटीफर याच्या बायकोला रोज नकार दिला, तिच्या जवळ राहणेही टाळले, आणि तिने धरले तेव्हा वस्त्र सोडून पळाला (उत्पत्ती ३९:१०-१२).

म्हणून आपला मागचा घसरलेला प्रसंग शेवटाकडून सुरुवातीकडे लिहून काढा. वेळ कोणती होती, जागा कोणती, सोबत कोण होते, भूक किंवा थकवा होता का? पहिली पायरी सापडली की आधी तीच बदला.

सवय काढून जागा रिकामी ठेवणे

झाडून नीटनेटके केलेल्या रिकाम्या घरात दुष्ट आत्मा आणखी सात घेऊन परततो, हे येशूने मत्तय १२:४३-४५ मध्ये सांगितले. रात्रीचा मोबाइल सोडला तर त्याच वेळी काय करायचे हे आधी ठरवा: एक स्तोत्र मोठ्याने वाचणे, किंवा कुणाला तरी फोन.

वचनही आधीच पाठ हवे. अरण्यात मोह घालणाऱ्या सैतानाला येशूने तिन्ही वेळा ‘अनुवाद’ या जुन्या करारातील पुस्तकाच्या वचनांनी उत्तर दिले. एका दोषासाठी एकच वचन घ्या. रागासाठी याकोब १:१९, जिभेसाठी स्तोत्र १४१:३. दहा वचने एकदम घेतली की ऐन वेळी एकही आठवत नाही.

सगळा भार स्वतःवर, किंवा सगळा देवावर

संयम हे आत्म्याचे फळ आहे (गलतीकरांस ५:२२-२३), म्हणून केवळ इच्छाशक्तीच्या जोरावर तो टिकत नाही. पण २ पेत्र १:५-६ पूर्ण प्रयत्न करून त्याची भर घालायला सांगते. सकाळी मदत मागा आणि त्याच दमात आज काय वेगळे करणार ते ठरवा.

एकट्याने लढणे

आमच्या मते ही सर्वांत महागात पडणारी चूक. याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापे कबूल करायला सांगते. गुपित राखणारी एक प्रौढ विश्वासी व्यक्ती निवडा. पुरुषाने पुरुष, स्त्रीने स्त्री. आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी भेटा आणि तिला नेमका प्रश्न विचारायला सांगा. ‘कसे चालले आहे?’ याला ‘बरे’ म्हणून सुटता येते.

पडल्यावर स्वतःला शिक्षा करणे

जादा उपास करून भरपाई होत नाही. त्याच दिवशी कबुली द्या (१ योहान १:९). माणूस दुखावला असेल तर त्याच्याकडे जाऊन क्षमा मागा. अतिशय थकला असाल तर आधी झोपा आणि जेवा. खचलेल्या एलीया संदेष्ट्याला देवाने प्रथम हेच दिले (१ राजे १९:५-८). दारू किंवा इतर व्यसन असेल तर प्रार्थनेसोबत डॉक्टरांचे उपचारही घ्या. रोज खूप पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास जिवाला धोका होऊ शकतो, त्यामुळे ती सोडण्याआधीच डॉक्टरांना भेटा.