डायलिसिसची मात्रा मोजताना: नव्या तंत्रज्ञांसाठी अनुभवाचे चार शब्द

डायलिसिस विभागात शिकाऊ तंत्रज्ञ म्हणून रुजू झाले, तेव्हा मात्रा, म्हणजे एका सत्रात रक्त किती शुद्ध झाले ते, मोजणे म्हणजे दोन रक्तनमुने प्रयोगशाळेत पाठवायचे आणि आलेला आकडा फाइलमध्ये लिहायचा, एवढीच माझी समजूत होती. ती एका काकांमुळे बदलली. हातात वळसा देऊन बसवलेला नवा ग्राफ्ट, म्हणजे धमनी आणि शीर जोडणारी कृत्रिम नळी, वापरायला लागल्यापासून त्यांचा यूआरआर, म्हणजे युरिया घटण्याचे प्रमाण, 68 वरून 79 टक्क्यांवर गेले होते. पण त्यांची भूक मंदावली होती, मळमळत होते आणि अंगाची खाज वाढली होती. आमच्या वरिष्ठ ताईंनी अहवाल बाजूला ठेवून ग्राफ्ट मधोमध बोटाने दाबला आणि मला दोन्ही बाजू चाचपायला सांगितल्या. ज्या बाजूला ठोके लागत राहिले ती धमनीची बाजू, आणि फाइलमध्ये नेमकी उलट दिशा नोंदलेली होती. त्यामुळे सुया उलट लागत होत्या, नुकतेच शुद्ध झालेले रक्त पुन्हा यंत्रात ओढले जात होते, आणि शेवटचा नमुनाही पूर्ण वेगाने चालू असलेल्या पंपावर, त्याच रक्ताचा घेतला जात होता; म्हणून यूआरआर खोटाच वाढलेला दिसत होता.

म्हणून नमुना घेण्याची रीत आधी पक्की करा. पहिला नमुना सलाईन किंवा रक्त गोठू न देणारे हेपारिन सुईत जाण्यापूर्वी घ्यावा. शेवटच्या नमुन्यासाठी डायलिसेटचा, म्हणजे रक्तातली घाण ओढून घेणाऱ्या द्रावाचा, प्रवाह थांबवून किंवा बायपास करून रक्तपंप मिनिटाला 100 मिलिलिटरवर आणावा, साधारण 15 सेकंद थांबावे आणि मगच धमनीकडच्या नळीतून रक्त घ्यावे. दोन्ही नमुने एकाच सत्रातले हवेत.

आता मात्रेचा दुसरा आकडा, केटी बाय व्ही, म्हणजे के गुणिले टी भागिले व्ही. के म्हणजे डायलायझर, म्हणजे यंत्रातली रक्त गाळणारी नळी, मिनिटाला किती मिलिलिटर रक्त युरियामुक्त करतो ते, टी म्हणजे वेळ आणि व्ही म्हणजे युरिया ज्यात पसरलेला असतो ते शरीरातील पाणी. यूआरआर सोपा आहे, पण सत्रात काढलेले पाणी त्यात धरले जात नाही. समजा, युरिया 140 वरून 42 वर आला; यूआरआर 70 टक्के. सत्र 4 तासांचे, काढलेले पाणी 2.5 लिटर आणि नंतरचे वजन 55 किलो असेल, तर मूत्रपिंडतज्ज्ञ डॉगिरडास यांच्या 1993 च्या सूत्राने केटी बाय व्ही सुमारे 1.45 येतो, पाणी मुळीच काढले नसते, तर त्याच युरियावर तो 1.32 च आला असता. हे उदाहरण एकदा स्वतः कागदावर सोडवून पाहा. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांसाठी प्रत्येक सत्राला किमान 1.2 आणि उद्दिष्ट 1.4 मानतात; दोनदाच येणाऱ्या रुग्णाला, स्वतःच्या मूत्रपिंडांचे काम फारसे उरलेले नसेल तर, हाच आकडा लावून निश्चिंत होणे मला धोक्याचे वाटते.

आकडा कमी आला की नवे लोक आधी डायलायझरवर संशय घेतात. मी आधी वेळ पाहते. अलार्म वाजला की पंप थांबतो, रक्तदाब उतरला की प्रवाह कमी केला जातो, घरी जायची घाई असलेला रुग्ण वीस मिनिटे आधी सोडायला सांगतो. फाइलमध्ये मात्र चार तासच लिहिलेले राहतात. म्हणून मी यंत्रावर दिसणारे एकूण शुद्ध केलेले रक्त प्रत्येक सत्राच्या शेवटी वेळेशेजारी लिहिते. मिनिटाला 300 मिलिलिटरने चार तासांत 72 लिटर व्हायला हवे. 64 दिसले, तर उरलेले कुठे गेले हे मी रुग्ण खुर्चीवरून उठण्यापूर्वीच विचारते.