आपल्या गावाच्या पुराची आणि दरडींची वही कशी तयार करावी

महाडमध्ये २००५ चा पूर मोठा की २०२१ चा, असे विचारल्यास आळीगणिक वेगळे उत्तर मिळू शकते, कारण प्रत्येकाला आपल्या उंबऱ्यावर चढलेले पाणी आठवते आणि शेजारच्या आळीतली जमीन किती खोल आहे हे कोणी मोजलेले नसते. म्हणून वहीची सुरुवात आठवणींपासून न करता मोजमापापासून करावी.

सहसा न हलणारी एक दगडी पायरी किंवा देवळाचे जोते शून्यखूण म्हणून ठरवावे. त्यानंतर गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल नळी घ्यावी. नळीत हवेचा बुडबुडा नसेल तर दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहते, त्यामुळे एक टोक शून्यखुणेपाशी आणि दुसरे भिंतीवरच्या पुराच्या डागापाशी धरून दोहोंतील उंचीचा फरक सेंटिमीटरमध्ये लिहिता येतो. अंतर जास्त असल्यास मधल्या घरांवर खुणा करत टप्प्याटप्प्याने पुढे जावे. हे काम रंगकामाआधीच उरकावे, कारण रंगाचा एक हात फिरला की डाग कायमचा जातो.

मग माणसांकडे वळावे. वडीलधाऱ्यांना सन विचारण्याऐवजी नागपंचमीच्या आधी की नंतर, गौरी-गणपतीत की त्यापूर्वी, असे विचारल्यास तारीख पक्की होते. पाणी किती वाजता आले, कोणत्या बाजूने शिरले, ओसरायला किती वेळ लागला आणि मागे गाळ किती उरला, हे प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारावे. घोळक्यात सगळे जण सर्वांत ठाम बोलणाऱ्याचीच री ओढतात. मिळालेली माहिती तलाठ्याकडील पंचनाम्यांशी आणि जुन्या वृत्तपत्रांशी ताडून पाहावी.

तिथीचा रकाना मात्र कधीही गाळू नये. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून महाडवरून बाणकोटच्या खाडीला मिळते, त्यामुळे वरचा पाऊस आणि खालची, पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराची उधाणाची भरती एकाच वेळी आल्यास पाण्याला वाट उरत नाही. २२ जुलै २०२१ चा पूर पौर्णिमेच्या तोंडावर आला, तर सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला त्या २ ऑगस्ट २०१६ रोजी अमावास्या होती. जुलै २००५ मध्ये मात्र पौर्णिमा उलटून चार-पाच दिवस झाले होते, म्हणून केवळ तिथी पाहून निर्धास्त होणे धोक्याचे आहे.

दरडींसाठी वहीत वेगळी पाने ठेवावीत. २००५ मध्ये जुई आणि दासगाव, तर २०२१ मध्ये तळिये ही महाड तालुक्यातील गावे दरडींखाली सापडली आणि एकट्या तळियेत ऐंशीहून अधिक माणसे गेली. डोंगरउतारावर नव्या भेगा, कललेली झाडे, एकाएकी गढूळ झालेला झरा किंवा भर पावसात आटलेला ओहोळ दिसल्यास जागा आणि तारीख लिहावी. परंतु पाऊस चालू असताना असे काही दिसले तर वही बाजूला ठेवून आधी घरे रिकामी करावीत आणि १०७७ या क्रमांकावर जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवावे.

वहीच्या प्रती नगरपरिषदेत, शाळेत आणि प्रत्येक आळीतील एका वरच्या मजल्यावरच्या घरात ठेवाव्यात. दर मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वी, प्रत्येक घराची पातळी शून्यखुणेशी जुळवून कोणते कुटुंब सर्वांत आधी हलवायचे याचा क्रम पहिल्याच पानावर लिहावा आणि त्यात अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरे सर्वांत वर घ्यावीत.