चाकातून आवाज येतोय? आधी चाक शोधा, मग पाना हातात घ्या

दहा-पंधरा वर्षं जुनी मारुती किंवा सँट्रो कोकणात वापरत असाल, तर चाकाचा आवाज कधी ना कधी ऐकावा लागतोच. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि जांभ्याची खडी, तिन्ही गोष्टी चाकाच्या वाईटावर असतात. गॅरेजमध्ये नुसतं ‘चाक वाजतंय’ म्हणून गाडी सोडली, की बहुतेक वेळा अंदाजाने बेरिंग बदललं जातं. आवाज तसाच राहिला तर दुसऱ्या बाजूचंही. म्हणून थोडा तपास घरीच करावा.

सुरुवात फुकटच्या कारणांपासून करा. व्हीलकॅप काढून ठेवा, नट घट्ट आहेत का बघा, टायरच्या खाचांत अडकलेले खडे स्क्रूड्रायव्हरने काढा. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर एकदम पत्रा घासल्यासारखी ‘खर्र’ सुरू झाली असेल, तर ब्रेकची डिस्क (चाकामागची गोल तबकडी) आणि तिच्यामागचा पातळ पत्रा यांच्यात बारीक खडा अडकलेला असण्याची शक्यता मोठी. मोकळ्या जागेत हळूहळू मागे-पुढे घेतल्यावर तो कधीकधी आपोआप पडतो. नाही पडला तर चाक उतरवून काढायचा आणि पत्रा डिस्कला टेकत असेल तर जरासा वाकवायचा. पावसाळ्यात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी घासल्यासारखी वाजते, तो डिस्कवरचा गंज. पाच-सहा वेळा ब्रेक मारल्यावर आवाज गेला तर विषय संपला.

तरीही आवाज येत असेल तर एकाला सोबत घेऊन फेरी मारा. रस्ता डांबरी निवडा. महामार्गाच्या नव्या काँक्रीटवर चांगले टायरसुद्धा घुमतात आणि उगाच फसगत होते. डांबर आणि काँक्रीट बदलल्यावर आवाजाचा सूर बदलत असेल तर संशय टायरवर घ्या. टायरवरून तळहात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने दातेरी लागलं, तर टायर वेडेवाकडे झिजलेत. पुढचे मागे घालून बघा, आवाजही मागे गेला तर खात्री झाली.

बेरिंगचा आवाज वेगळा असतो. ‘घूंऽऽ’ अशी एकसुरी घरघर, वेगाबरोबर वाढणारी, न्यूट्रल केलं तरी न थांबणारी. (न्यूट्रल सपाट, रिकाम्या रस्त्यावरच करा, इंजिन चालू ठेवून. घाटात अजिबात नको.) आता वळणाकडे लक्ष द्या. गाडी उजवीकडे वळते तेव्हा वजन डाव्या चाकांवर येतं. उजव्या वळणावर घरघर वाढली तर बहुधा डावं बेरिंग, डाव्या वळणावर वाढली तर उजवं. काच खाली करून गडग्याच्या कडेने सावकाश जा. दगडी भिंत आवाज परत फेकते, त्यामुळे त्या बाजूचं चाक स्पष्ट ऐकू येतं.

स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढे जाताना ‘कट कट कट’ आलं तर एक्सलचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) सीव्ही जॉइंट, म्हणजे सांधा. खड्ड्यातच ‘खट’ वाजलं तर सस्पेन्शनचे सांधे, म्हणजे लोअर आर्मचं बुश, बॉल जॉइंट किंवा लिंक. ब्रेक दाबल्यावरच खरखर आली तर ब्रेकचे पॅड संपलेत. त्यात दिरंगाई नको.

मग जॅक लावा. जमीन सपाट हवी, चाकाचे नट गाडी उचलण्याआधीच सैल करा, हँडब्रेक ओढा (मागचं चाक तपासताना सोडा) आणि जमिनीवर टेकलेल्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. गाडीखाली आधाराला चिरा ठेवू नका, जांभा वजनाने फुटतो. लोखंडी स्टँड नसेल तर गाडीखाली डोकं घालायचंच नाही.

सैल केलेले नट पुन्हा हाताने आवळा आणि चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ थांबला तर बेरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. फक्त आडवं हलवताना लागत असेल तर टाय रॉड (स्टिअरिंग चाकाशी जोडणारा दांडा) बघा. खेळ सापडला नाही म्हणून बेरिंग निर्दोष ठरत नाही. पुढचं चाक असेल तर गिअर न्यूट्रलला ठेवा, एका हाताने चाक फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा. खराब बेरिंगची बारीक थरथर हाताला लागते. चाक उतरवलं तर एक्सलच्या सांध्यावरचं रबरी बूट (आवरण) फाटलंय का तेही बघून घ्या.

चाकरमान्यांच्या गाड्यांचा प्रश्न वेगळा. मे महिन्यात गावी उभी केलेली गाडी गणपतीला काढली, की मागच्या ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेले असतात. हँडब्रेक ओढून पावसाळाभर गाडी ठेवायचीच नाही. पहिला गिअर टाका, चाकाला दगड लावा, पुरे. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी तर आवाज येण्याआधीच तपासून घ्यावी, ग्रीसमध्ये पाणी शिरलं की बेरिंग फार दिवस काढत नाही. चिपळूणकरांना 2021 च्या जुलैनंतर हे सांगायला नको.

बेरिंग मात्र प्रेस (दाबून बसवायचं यंत्र) असलेल्या गॅरेजमध्येच बसवून घ्या. हातोड्याने ठोकलेलं नवं बेरिंग लवकरच घुमायला लागतं. हबचा नट नवा घालायला सांगा, घट्ट करायला टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा) आहे का विचारा आणि जुनं बेरिंग मागून घ्या. आतल्या कडीवर खड्डे, गंज किंवा करपलेलं ग्रीस दिसलं तर निदान बरोबर होतं. पन्नासेक किलोमीटर चालवल्यावर चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने पुन्हा एकदा आवळा.