सुपरहिरोच्या ओपन-वर्ल्ड गेमचं परीक्षण कसं लिहावं

“ग्राफिक्स झकास, स्टोरी ठीकठाक, फायटिंग जबरदस्त, मॅप मोठा. दहापैकी नऊ.” अशी परीक्षणं ढिगानं सापडतात, मीही लिहिली आहेत. त्यातलं ‘स्पायडर-मॅन’ खोडून ‘बॅटमॅन’ लिहिलं तरी पुढचं एक अक्षर बदलावं लागत नाही. म्हणजे ते परीक्षण कुठल्याच गेमचं झालं नाही.

सुपरहिरोचा ओपन-वर्ल्ड गेम, म्हणजे ज्यात अख्ख्या शहरात मनाला येईल तसं फिरता येतं असा गेम, तपासताना मी एका गोष्टीला सगळ्यात जास्त वजन देतो. मिशन चालू नसताना, नुसतं इकडून तिकडे जाताना, आपल्यात काही शक्ती आहे हे हाताला जाणवतं का? मनाला नव्हे, हाताला. कथा, मारामारी, चित्रं यांचा नंबर त्यानंतर. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबानं लावल्या आहेत, त्यामुळे काही लांब आहेत आणि काही चार ओळींच्या.

सरावासाठी नवाकोरा गेम घेऊ नका. त्याच्याभोवती घाई असते, गोंगाट असतो, आणि आपलं मत कुठलं आणि ऐकलेलं कुठलं ते कळेनासं होतं. मी इथे इन्सोम्नियॅक गेम्सचा ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’ घेतोय. ७ सप्टेंबर २०१८ला तो प्लेस्टेशन ४वर आला, नोव्हेंबर २०२०मध्ये प्लेस्टेशन ५साठी त्याची ‘रीमास्टर्ड’ आवृत्ती निघाली आणि ऑगस्ट २०२२मध्ये ती पीसीवर पोचली. मुख्य कथा पंधरा-वीस तासांत संपते, म्हणजे नोकरी सांभाळूनही दोन-तीन आठवड्यांत उरकते.

१. कशावर खेळलात ते आधी लिहा

वहीतली पहिली ओळ यंत्राची: कन्सोल कुठला, पीसी असेल तर ग्राफिक्स कार्ड कुठलं, गेमची आवृत्ती कुठली, सेटिंग काय. जून २०१५मध्ये ‘बॅटमॅन: आर्कम नाइट’ आला तेव्हा कन्सोलवर खेळणारे खूश होते आणि पीसीवाले इतके वैतागले, की वॉर्नर ब्रदर्सनी काही दिवसांतच पीसी आवृत्तीची विक्री थांबवली. ती पुन्हा सुरू झाली थेट ऑक्टोबरमध्ये. गेम एकच, परीक्षणं दोन टोकांची, आणि दोन्ही खरी.

माझ्या एका जुन्या परीक्षणात ‘गेम अधूनमधून अडखळतो’ असं ठणकावून लिहिलेलं आहे. डिसेंबरात तोच गेम त्याच लॅपटॉपवर पुन्हा लावला तर सुरळीत चालला. अडखळत होता तो नागपूरचा मे महिना.

२. पहिले दोन तास कामं टाळा

सुरुवातीचा विल्सन फिस्क या खलनायकाच्या इमारतीवरचा छापा संपला, की न्यूयॉर्कमधलं मॅनहॅटन बेट तुमच्यासाठी मोकळं होतं. लगेच कुणाचा तरी फोन येतो, पडद्यावर पुढच्या कामाची खूण येते. तिकडे जाऊ नका. नुसते फिरा.

ट्रिगर दाबून धरला की जाळं सुटतं आणि खरोखरच एखाद्या इमारतीला चिकटतं. हे सांगण्यासारखं आहे, कारण जुन्या गेममध्ये ते आभाळातच कुठेतरी अडकायचं. ट्रेयार्कच्या २००४ सालच्या ‘स्पायडर-मॅन २’मध्ये इमारतींना चिकटणारं जाळं आलं आणि पुढची कित्येक वर्षं प्रत्येक नव्या स्पायडर-मॅन गेमला लोक त्याच मापानं मोजत राहिले. परीक्षणात तुलना करायचीच असेल तर अशी, एका नेमक्या गोष्टीची करा.

लहानपणी वडाच्या पारंबीला लोंबकळला असाल तर पुढचं पटकन कळेल. झोका खाली आला असताना पारंबी सोडली तर माणूस लांब जातो. वर चढल्यावर सोडली तर उंच जातो. या गेममध्ये नेमकं तेच आहे. तळाशी सोडलं तर वेग, वर सोडलं तर उंची. पाण्याच्या टाकीच्या कडेवर झेप घेऊन टेकता टेकता उडी मारली, तर तिथूनही नवा जोर मिळतो. पहिल्या अर्ध्या तासात तुम्ही भिंतींवर आपटता, मग बोटं शिकतात. ती नेमकी कधी शिकली, ते लिहून ठेवा. वाचकाला ‘स्विंगिंग छान आहे’ यापेक्षा ‘चाळीस मिनिटांनी मी बटणांकडे बघायचं सोडलं’ हे वाक्य जास्त सांगतं.

आता एक चाचणी. बेटाच्या दक्षिण टोकापासून उत्तरेला हार्लेमपर्यंत जा, कुठेही न थांबता. दक्षिणेला, वॉल स्ट्रीटच्या आसपास, इमारती उंच आणि गल्ल्या अरुंद. झोके लांबलचक मिळतात. हार्लेममध्ये घरं बुटकी होतात आणि तुम्हाला गच्चीवरून धावावं लागतं, पद्धत बदलावी लागते. शहर बदललं की हात बदलतात का, हे ओपन-वर्ल्डमध्ये बघायचं. नाहीतर मोठा मॅप म्हणजे नुसता जास्त चौरस फुटांचा फ्लॅट.

याच प्रवासात कान उघडे ठेवा. पीटरचा, म्हणजे मुखवट्यामागच्या स्पायडर-मॅनचा, आवाज देणाऱ्या युरी लोवेन्थलनं बरेच संवाद दोनदा रेकॉर्ड केले: एकदा निवांत उभं राहून बोलल्यासारखे, एकदा अंगमेहनत करता करता बोलल्यासारखे. लोंबकळत असताना फोन आला तर दम लागलेला पीटर ऐकू येतो. बोलणं संपायच्या आत गच्चीवर टेकलात तर आवाज शांत होतो. खेळताना हे लक्षातही येत नाही. परीक्षकानं मात्र लक्षात घ्यावं.

फास्ट ट्रॅव्हलही, म्हणजे मधला प्रवास टाळून थेट दुसरीकडे पोचायची सोयही, टिपा, पण वेगळ्या कारणासाठी. इथे तो सबवेचा आहे. स्पायडर-मॅन मुखवट्यासकट डब्यात प्रवाशांच्या शेजारी बसलेला दिसतो. तुम्ही तो आपणहून कितव्या तासापासून वापरायला लागलात? दहाव्या तासाला कंटाळून दर वेळी वापरत असाल तर गेमचं मुख्य सुखच आटलं आहे, आणि हे कबूल करायला मिशनची यादी लागत नाही. मला सगळ्या गेममध्ये तो तीनदा लागला, त्यातही एकदा केवळ त्या डब्यातली गंमत बघायला.

दोषही याच पायरीवर सापडतो. मॅनहॅटनमधल्या सगळ्यात उंच इमारतीवरून सरळ रस्त्यावर पडा. काही होत नाही. पीटर उठतो आणि चालू लागतो. काहींना यात मोकळेपणा वाटेल. मला वाटतं, भीती गेली की झोक्याची अर्धी चव जाते. २०२३मध्ये आलेल्या या गेमच्या दुसऱ्या भागात पडल्यावर इजा होण्याचा आणि स्विंगला गेमकडून मिळणारी मदत कमी करण्याचा पर्याय सेटिंगमध्ये आला. म्हणजे तक्रार करणारा मी एकटा नव्हतो.

३. एकच मारामारी तीनदा करा

गुंडांची एखादी टोळी निवडा. पहिल्यांदा नुसत्या ठोशांनी, दुसऱ्यांदा जाळ्याचे बॉम्ब आणि विजेचं जाळं अशी सगळी हत्यारं वापरून, तिसऱ्यांदा अवघडपणा एक पायरी वाढवून. दर वेळी मेलात तर कारण लिहा: माझी चूक की कॅमेऱ्याची? माझ्या वहीत कॅमेऱ्याच्या नावावर बरेच मृत्यू आहेत. बंदुकीवाला पडद्याबाहेर असतो आणि डोक्याभोवतीच्या पांढऱ्या रेषा, म्हणजे स्पायडर-मॅनची धोका ओळखणारी ‘स्पायडर-सेन्स’, धोक्याची सूचना देतात, दिशा मात्र ओझरतीच कळते.

‘आर्कम’ मालिकेशी तुलना इथे टळत नाही. बॅटमॅन पाय रोवून उभा राहतो आणि समोरच्याचा वार त्याच्यावर उलटवतो. स्पायडर-मॅन वार चुकवतो, निसटतो, शत्रूला हवेत उचलून तिथेच बडवतो. ‘कॉम्बॅट आर्कमसारखं आहे’ असं लिहून थांबू नका. दोघांच्या स्वभावातला फरक बटणांत उतरलाय का, ते सांगा. उतरलाय, असं माझं मत. शेवटच्या काही तासांत मात्र शत्रूंचे प्रकार पुन्हा पुन्हा तेच येतात.

४. नकाशावरच्या खुणांची छाननी

ओपन-वर्ल्ड गेममध्ये नकाशा उघडला की गणपतीत सजवलेल्या गल्लीसारखे दिवे लुकलुकतात. सगळे मोजू नका, जाती मोजा. इथे मनोरे आहेत, गुन्हे आहेत, शत्रूंचे तळ आहेत, पीटरचा मित्र हॅरी ऑस्बॉर्न यानं मागे ठेवलेली संशोधन केंद्रं आहेत, आणि पीटरनं विसरलेल्या ५५ बॅगा आहेत.

प्रत्येक जातीला एकच प्रश्न: हे काम याच माणसानं का करावं? बॅगा या कसोटीवर उतरतात. आठ वर्षं स्पायडर-मॅन असलेला तेवीस वर्षांचा धांदरट पोरगा भिंतींवर बॅगा चिकटवून विसरणारच. प्रत्येकीत एखादी जुनी वस्तू निघते आणि तिच्यावर तो दोन वाक्यं बोलतो. हॉवर्ड नावाच्या बेघर माणसाची उडालेली कबुतरं पकडून द्यायचं काम ऐकायला बिनडोक वाटतं, पण त्यामागे धावताना स्विंगचं सगळं कौशल्य लागतं. मनोरे मात्र दुसऱ्याच गेमांकडून उसने आणलेले. चढा, कोडं सोडवा, परिसरातल्या खुणा दिसू लागतील. ऑस्कॉर्प या कंपनीनं बसवलेली ही पाळत ठेवणारी यंत्रणा स्पायडर-मॅन पोलिसांसाठी दुरुस्त करत फिरतो आणि गेमला त्यात काही खटकत नाही. तुम्हाला खटकलं तर लिहा. ‘गेममध्ये राजकारण कशाला’ म्हणणारे येतील, येऊ द्या.

५. कथा सांगा, पण कुठवर?

माझा नियम: पहिल्या एक तृतीयांश भागात कळतं तेवढंच सांगायचं. पण सुपरहिरोच्या बाबतीत एक पेच असतो. या गेममध्ये पीटर ज्या शास्त्रज्ञाकडे नोकरी करतो त्याचं नाव ओटो ऑक्टेव्हियस. कॉमिक्स वाचणाऱ्याला नावातच कळतं, की हाच पुढे स्पायडर-मॅनचा शत्रू होणार, आणि गेमलाही ते माहीत आहे. तुम्हाला शेवट ठाऊक असणं हाच त्या मैत्रीतला चटका. तेव्हा नाव सांगा, वाट सांगू नका. वर ज्या हॉवर्डचा उल्लेख केला तो दुसऱ्या भागात पुन्हा भेटतो. त्याबद्दल इथे एवढंच.

मेरी जेन आणि माइल्स या पीटरच्या ओळखीतल्या, शक्ती नसलेल्या दोघांची लपतछपत करायची मिशनं अनेकांना आवडली नाहीत. शक्ती काढून घेतल्यावर शहर किती मोठं आणि धोक्याचं आहे ते दिसावं, हा हेतू कळतो. पण त्यात चुकलात की थोडं मागे जाऊन तेच पुन्हा. हेतू आणि परिणाम वेगवेगळ्या वाक्यांत लिहा, म्हणजे दोघांवरही अन्याय होत नाही.

६. ग्राफिक्स

एक परिच्छेद पुरे. २०१८मध्ये गेम येण्याआधी लोकांनी आदल्या वर्षीचा डेमो आणि नवं चित्र शेजारी ठेवून पाण्याची डबकी मोजली आणि ‘ग्राफिक्स उतरवलं’ म्हणून गदारोळ केला. पुढे इन्सोम्नियॅकनं फोटो मोडमध्ये (गेम थांबवून फोटो काढायच्या सोयीत) डबक्यांचे स्टिकर टाकून चिमटा काढला. ट्रेलरशी नव्हे, समोर चालू असलेल्या गेमशी बोला.

७. मग लिहायला बसा

सुरुवात कंपनीच्या इतिहासानं करू नका. एका प्रसंगानं करा, शक्यतो तुमच्याच हातून घडलेल्या. यंत्र आणि खेळलेले तास वरच सांगा. सोयींचा उल्लेख हवाच: या गेममध्ये कोडी वगळता येतात, पटापट बटण दाबायच्या जागी ते नुसतं धरून ठेवता येतं. बोटं दुखणाऱ्या माणसासाठी ही माहिती कथेपेक्षा मोलाची. ‘स्विंग’ला ‘जालदोलन’ वगैरे करू नका, स्विंगच म्हणा. पण क्रियापदं मात्र आपली वापरा: लोंबकळला, सूर मारला, निसटला, आपटला. आकडा द्यायचा तर शेवटी, आणि तो आकडा वरच्या मजकुरातून निघायला हवा.

लिहून झालं की गेम न खेळलेल्या कुणाला तरी वाचायला द्या. मी भाच्याला दिलं. त्यानं सगळं वाचलं आणि विचारलं, “मामा, सेंट्रल पार्कात इमारती नाहीत ना? मग तिथे तो कशाला लटकतो?”

झाडांना. झोका आखूड पडतो, वेग मरतो, आणि दोन मिनिटांत मी कडेच्या इमारतींकडे पळ काढतो. खर्ड्यात हे कुठेच नव्हतं. डबक्यांचा परिच्छेद निम्मा कापला आणि त्या जागी ते घातलं.